भिंतीतला फेस

टोरोंटोच्या आसपास, ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागासारख्या उपनगरात राहणारा एखादा मित्र, मावसबहीण किंवा जुना रूममेट तुम्हाला असेलच. त्यांनी तिथे जुनं घर विकत घेतलं असेल, तर त्या खरेदीचा करार एकदा बघायला मागा. ऑन्टॅरिओ प्रांतात घरांच्या व्यवहारासाठी एक छापील नमुना सर्रास वापरला जातो. किंमत, बयाणा, ताब्याची तारीख अशी नेहमीची कलमं ओलांडून पुढे गेलं की एक विचित्र कलम लागतं. त्यात घर विकणारा लिहून देतो की, मी मालक असताना या इमारतीत युरिया फॉर्मल्डिहाइडचा फोम भरलेला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो इथे नाही. व्यवहार पूर्ण झाला तरी ही हमी संपत नाही, असंही तिथेच लिहिलेलं असतं.

या फोमवर कॅनडाने डिसेंबर १९८० मध्ये बंदी घातली. आज त्या करारावर सही करणारे कितीतरी जण तेव्हा जन्मलेलेही नव्हते. मग चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी बंद झालेला एक फेस अजून करारात का जिवंत आहे?

याचं उत्तर रसायनशास्त्रात थोडंसंच आहे. बाकीचं उत्तर घाईत आहे.

रिकामी भिंत

दुसरं महायुद्ध संपलं आणि उत्तर अमेरिकेत लाखो सैनिक घरी परतले. त्यांना घरं हवी होती, आणि लगेच हवी होती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटाउन उभं राहिलं. सतरा हजारांहून जास्त घरं, जवळजवळ एकाच साच्यातली. कॅनडात त्याआधीच, १९४१ मध्ये, सरकारने वॉरटाइम हाउसिंग लिमिटेड नावाची कंपनी काढली होती. तिने बांधलेली दीडमजली, उतरत्या छपराची छोटी घरं आजही कॅनडाच्या अनेक शहरांत दिसतात. लोक त्यांना 'व्हिक्टरी हाउस' म्हणतात.

या घरांची भिंत आपल्या भिंतीसारखी नसते. आपल्याकडे भिंत म्हणजे वीट, सिमेंट, प्लास्टर. खिळा ठोकला की हात झिणझिणतो. तिथली भिंत म्हणजे लाकडी उभ्या पट्ट्यांचा सांगाडा. साधारण सोळा इंचांवर एक पट्टी, आतून प्लास्टर किंवा जिप्समचा बोर्ड, बाहेरून फळ्या आणि त्यावर लाकडाचं किंवा विटांचं आवरण. मधे साडेतीन-चार इंचांची पोकळी. त्या काळातल्या पुष्कळ घरांत ही पोकळी मोकळीच असे, किंवा तिच्यात नावापुरतं काहीतरी कोंबलेलं असे.

उणे वीस अंशांच्या थंडीत रिकामी भिंत ठेवणं आज वेडेपणा वाटेल. पण तेव्हा इंधन स्वस्त होतं. १९४७ मध्ये अल्बर्टातल्या लडूक इथे तेलाचा मोठा साठा सापडला आणि कॅनडाची तेलाची भीती गेली. तळघरातली भट्टी रात्रंदिवस चालायची, उष्णता भिंतीच्या फटींतून बाहेर जायची, आणि त्याचं कुणाला फारसं वाटत नसे.

त्या गळतीचा एक फायदाही होता. तो पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून इथेच सांगतो.

आपल्याकडे ओल बाहेरून येते. जुलैतला कोकणातला पाऊस भिंतीत झिरपतो, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. कॅनडात हिवाळ्यात ओल आतून येते. गरम पाण्याची आंघोळ, उकळता चहा, कुकरच्या शिट्ट्या, घरातच वाळत घातलेले कपडे, रात्रभर झोपलेल्या माणसांचे श्वास, या सगळ्याची वाफ घरातल्या उबदार हवेत असते. ती हवा फटींतून बाहेर निघते, आणि वाटेत थंड लाकूड भेटलं की तिथे दव धरतं. गारेगार कोकमच्या ग्लासवर बाहेरून पाणी साचतं तसंच. जुन्या गळक्या घरात मात्र उष्णताही त्याच वाटेने जात असल्यामुळे लाकूड पुरेसं गरम राहायचं आणि ओल आली तरी वाळून जायची. घर पैसे जाळत होतं, पण त्या पैशांत भिंत कोरडी राहत होती. हे गणित कुणी मुद्दाम मांडलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोडतंय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

सीलबंद करा, आणि लवकर करा

ऑक्टोबर १९७३. इस्रायलशी युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला कच्च्या तेलाचा भाव १९७४ सुरू होताना बारा डॉलरच्या जवळ गेला. आपल्याकडे याच काळात अटलबिहारी वाजपेयी इंधन दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. ती चित्रफीत पेट्रोल महागलं की आजही फोनवर फिरते. तिकडे, जिथे तेल नसेल तर माणूस थंडीने गारठतो, तिथे प्रश्न थेट घराच्या भिंतीपर्यंत आला. फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि त्यांनी लोकांना घरातला थर्मोस्टॅट खाली आणायला सांगितलं.

त्याच वर्षी कॅनडा सरकारने घरांच्या इन्सुलेशनसाठी एक राष्ट्रीय योजना सुरू केली. 'चिप' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. जुन्या घरात इन्सुलेशन करा, खर्चाचा काही भाग सरकार देईल, असा साधा सौदा होता. हेतू चांगला होता. आकडेमोडही बरोबर होती. भिंतीत काहीतरी भरलं की इंधन वाचतं, यात वाद नाही.

पण उभ्या भिंतीत भरायचं कसं? माळ्यावर काचेच्या लोकरीचे गाद्यांसारखे तुकडे पसरता येतात. भिंतीसाठी मात्र आतला बोर्ड फोडायला हवा, म्हणजे घर रिकामं करा, धूळ खा, पुन्हा रंग लावा. इथे फेस कामाला आला.

सकाळी एक ट्रक दारात येई. त्यात दोन पिंपं, एक पंप आणि लांबलचक नळ्या. बाहेरच्या भिंतीत प्रत्येक दोन पट्ट्यांमधे छोटी भोकं पाडायची आणि नळीचं तोंड आत घालायचं. एका पिंपातलं युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिन, दुसऱ्यातलं फेस आणणारं आणि घट्ट करणारं द्रावण, आणि दाबाची हवा, हे तिन्ही नळीच्या तोंडाशी एकत्र आले की दाढीच्या क्रीमसारखा पांढरा फेस बाहेर पडे. तो पोकळीत पसरे, थोड्याच वेळात आकार धरे आणि पुढे काही दिवस वाळत राही. भोकं बुजवायची, बिल द्यायचं, सरकारी अर्ज भरायचा. भिंत न फोडता एका दिवसात काम फत्ते.

ही पद्धत मुळात युरोपातली आणि बरीच जुनी. तिच्यात एक नाजूक जागा होती. इतर इन्सुलेशन कारखान्यात तयार होऊन येतं. हा फेस तुमच्या अंगणात तयार व्हायचा. म्हणजे कारखाना ट्रकवर होता आणि गुणवत्ता तपासणारा माणूस म्हणजे नळी धरलेला माणूस. मिश्रणाचं प्रमाण चुकलं, रेझिन जुनं झालेलं असलं, हवा फार थंड किंवा फार गरम असली, तर फेस नीट जुळून येत नसे. अनुदान जाहीर झालं की काम करणारेही एका रात्रीत उगवतात. आणि भिंत बंद झाल्यावर आत काय झालं, हे बघायला कुणालाच सोय नव्हती.

वास

बारावीला बायॉलॉजी घेतलं असेल, तर फॉर्मल्डिहाइडची आणि तुमची भेट झालेली आहे. प्रयोगशाळेतल्या बरणीत बेडूक किंवा साप ज्या पाण्यासारख्या द्रवात असतो, ते फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइड. झाकण उघडलं की नाकात झणका, डोळ्यांत पाणी.

नीट न जुळलेल्या फेसातून हाच वायू सुटे. फेस वाळताना आकसत असे, भेगा पडत, आणि वायू बोर्डाच्या फटींतून, विजेच्या सॉकेटमधून घरात येई. डोळे चुरचुरणं, डोकं दुखणं, नाकातून रक्त येणं, दम लागणं अशा तक्रारी वाढू लागल्या. त्यातच १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेतून एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. फॉर्मल्डिहाइडच्या मोठ्या मात्रेत दीर्घकाळ ठेवलेल्या उंदरांना नाकाचा कर्करोग झाला होता.

डिसेंबर १९८० मध्ये कॅनडाने या फोमवर बंदी घातली. तोवर तो देशातल्या सुमारे एक लाख घरांच्या भिंतींत जाऊन बसला होता, आणि त्यांतल्या अनेक घरांत सरकारी अनुदानाने.

त्या घरातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी म्हणजे हे घर. त्यावर अजून वीस वर्षांचं कर्ज. तुम्ही सरकारचं ऐकलंत, देशाचं तेल वाचवलंत, शेजाऱ्यालाही सांगितलंत. आणि एका सकाळी तेच सरकार म्हणतं की तुमच्या भिंतीत धोकादायक पदार्थ आहे. मुलाला खोकला आला की तुम्ही भिंतीकडे बघता. घर विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. भिंत काल जशी होती तशीच आज आहे, पण घराची किंमत उतरली.

सरकारने मदत दिली, घरामागे कमाल ५,००० डॉलर. विटांचं आवरण उतरवून, फोम खरवडून पुन्हा भिंत बांधायची तर खर्च याहून बराच जास्त होई. क्वेबेकमधले घरमालक कोर्टात गेले. फोम बनवणारे, बसवणारे आणि सरकार, सगळ्यांविरुद्ध. काही मोजकी घरं नमुना म्हणून घेऊन खटला चालला. तो आठ वर्षं चालला. डझनावारी तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९९१ मध्ये निकाल लागला आणि घरमालक हरले. फोममुळे त्यांच्या आरोग्याला अपाय झाला हे सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अपीलातही ते हरले.

एकच फेस, तीन निकाल

इथे गोष्ट संपली असती तर 'वाईट कंपनी, विषारी फोम' असं शीर्षक देऊन मोकळं होता आलं असतं. पण पुढचं ऐका.

अमेरिकेतही हा फोम सुमारे पाच लाख घरांत होता. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९८२ मध्ये बंदी आणली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९८३ मध्ये, संघराज्याच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. आयोगाचा कर्करोगाचा अंदाज उंदरांच्या एकाच प्रयोगावर उभा आहे आणि घरांतली मोजमापंही प्रातिनिधिक नाहीत, असा न्यायालयाचा आक्षेप होता.

ब्रिटनने तर सरसकट बंदी घातलीच नाही. तिथे हाच फेस वर्षानुवर्षं भरला जात होता. पण तिथली भिंत वेगळी होती. विटांच्या दोन भिंती आणि मधे पोकळी. आतली भिंत जाड, प्लास्टर केलेली. त्यामुळे वायू घरात येण्याची वाट अवघड. शिवाय फेस कसा असावा आणि कोणत्या भिंतीत भरावा याची ब्रिटिश मानकं ठरवली गेली आणि काम त्यांनुसार होऊ लागलं.

कॅनडातही नंतरच्या मोजमापांत असं दिसलं की फोम असलेल्या घरांतलं फॉर्मल्डिहाइडचं प्रमाण फोम नसलेल्या घरांपेक्षा वेगळं उरलेलं नाही. फेसातला वायू पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त सुटतो आणि मग ओसरतो. प्लायवुड, पार्टिकल बोर्ड, फर्निचर यांच्या गोंदातूनही तोच वायू येतो. पाणी लागून कुजलेला फोम काढावा, कोरड्या फोमची आज चिंता नको, असाच सल्ला आता मिळतो.

म्हणून फॉर्मल्डिहाइड निरुपद्रवी ठरलं असं नाही. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. ज्यांचे डोळे त्या पहिल्या हिवाळ्यात चुरचुरले, त्यांचे डोळे खरंच चुरचुरले होते. पण रसायन, मात्रा, भिंत आणि मिसळणारा हात हे चार वेगळे प्रश्न होते. घाईत त्यांचा एकच प्रश्न केला गेला: आधी 'भरा', मग 'बंदी'. मधला, मोजून बघण्याचा टप्पा दोन्ही वेळा राहून गेला.

त्याच वर्षी, रिजायनात

मोजून बघणारे लोक नव्हते असं मुळीच नाही. १९७७ मध्ये, चिप योजना सुरू झाली त्याच वर्षी, सस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायना शहरात एक प्रायोगिक घर बांधून झालं. हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराला नेहमीची भट्टीच ठेवली नाही. नेहमीपेक्षा कितीतरी जाड भिंती, भरपूर इन्सुलेशन, आतल्या बाजूने वाफ अडवणारा सलग थर, आणि सगळ्या फटी बंद.

पण फटी बंद केल्यावर माणसांच्या श्वासाचं काय, हा प्रश्न त्यांनी आधीच विचारला होता. म्हणून घरात एक यंत्र बसवलं. ते आतली शिळी, दमट हवा बाहेर टाकतं, बाहेरची ताजी हवा आत घेतं, आणि जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देतं. पुढे जर्मनीत विकसित झालेल्या 'पॅसिव्ह हाउस' कल्पनेमागे या घराचीही प्रेरणा आहे.

रिजायनाच्या घराने सांगितलेली गोष्ट अशी: ऊब, हवा आणि ओल या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो. हे काम हळू होतं. त्यासाठी आधी घर तपासावं लागतं. आणि एका दिवसात ट्रक येऊन ते होत नाही. देशभर जे पसरलं ते ट्रकवालं उत्तर होतं.

नवा फेस

आज जुन्या घरांत जो स्प्रे फोम मारतात तो वेगळा आहे. तो पॉलियुरेथेन. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी हे रसायन शोधलं. त्याचा एक भाऊबंद तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता उभा आहे, फ्रिजच्या बाहेरच्या पत्र्यामध्ये आणि आतल्या प्लास्टिकमध्ये. इन्सुलेशन म्हणून तो उत्तम आहे. त्याचा घट्ट प्रकार तेवढ्याच जाडीच्या काचेच्या लोकरीपेक्षा जवळपास दुप्पट उष्णता अडवतो आणि फटीही बुजवतो.

पण कारखाना याही वेळी ट्रकवरच आहे. एका पिंपात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि इतर रसायनं. बंदुकीच्या तोंडाशी दोन्ही भेटतात आणि काही सेकंदांत फेस कित्येक पट फुगतो. आयसोसायनेट हा शब्द आपल्याला भोपाळमुळे माहीत आहे. भोपाळचा वायू मिथाईल आयसोसायनेट होता. फोममधलं रसायन त्याच कुळातलं, पण वेगळं आणि हवेत फार कमी उडणारं. तरी फवारताना त्याचे कण श्वासात गेले तर कायमचा दमा जडू शकतो. म्हणून फवारणारा माणूस बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतो आणि घरच्यांना बाहेर राहायला सांगितलं जातं. प्रशिक्षित हात, कोरडं लाकूड, योग्य तापमान आणि हवा खेळती ठेवण्याची सोय असेल तर काम चांगलं होतं. यांतलं एखादं चुकलं तर वास महिनोन् महिने राहतो, किंवा फोमच्या मागे लाकूड गुपचूप कुजतं.

ब्रिटनमध्ये सध्या हीच भीती आहे. तिथल्या जुन्या उपनगरी घरांत छपराच्या आतल्या बाजूने फोम फवारून घेतलेली हजारो कुटुंबं आहेत. आता घर विकायला काढलं की तपासनीस माळ्यावर चढतो, आणि त्याला वासे दिसतच नाहीत. सगळे फोमखाली गाडलेले. वासे चांगले आहेत की कुजलेत हे सांगता येत नाही, म्हणून अनेक बँका अशा घरावर कर्ज देत नाहीत. फोम काढायला काही हजार पौंड लागतात. घर विकून किंवा त्यावर कर्ज काढून म्हातारपण काढायचं ठरवलेल्या माणसांना हा फटका बसतो. छप्पर कदाचित ठणठणीत असेलही. पण ते दाखवता येत नाही.

ऑन्टॅरिओच्या करारातलं ते छोटं कलम याच भीतीतून आलेलं आहे. विज्ञानाची भीती कमी झाली, कोर्टाने निकाल दिला, मदतीची योजना कधीच बंद झाली. तरी घेणाऱ्याला आजही लेखी हमी हवी असते. कारण भिंत बंद आहे, आणि आत काय आहे ते मागच्या मालकाच्या शब्दावर मानावं लागतं.

हवामान बदलामुळे जगभर पुन्हा जुन्या घरांना अनुदानं मिळतायत, आणि मिळायलाच हवीत. तिकडच्या तुमच्या त्या मित्राच्या दारातही कधीतरी फोमवाला येईल, एका दिवसात काम करून देतो म्हणेल. त्याला हाकलून द्यायची गरज नाही. फक्त तीन गोष्टी विचाराव्यात. फवारण्याआधी लाकडातली ओल मोजणार का? नंतर घरातली दमट हवा कुठून बाहेर जाणार? आणि वीस वर्षांनी आतलं लाकूड बघायचं झालं, तर कसं बघायचं?

१९७७ मध्ये त्या एक लाख दारांत हे विचारायला वेळ होता. पण हिवाळा तोंडावर आला होता, तेल महाग होतं, आणि ट्रक दारात उभा होता.